आइस्क्रीमच्या गल्ल्यावर उभे राहिलेले दंत महाविद्यालय

कोलकात्यात शंभर वर्षांपूर्वी न्यूयॉर्क सोडा फाउंटन नावाचे एक दुकान होते. तिथे आइस्क्रीम आणि थंड पेये मिळत. दुकानाचा मालक अमेरिकेत शिकून आलेला दंतवैद्य होता. लोकांच्या दातांची काळजी वाहणाऱ्या माणसाने गोड पदार्थ विकावेत, यावर त्या काळी कोणी ना कोणी हसले असेलच. पण त्या गल्ल्यात जमणाऱ्या पैशांवर १९२० साली भारतातले पहिले दंत महाविद्यालय उभे राहिले. मालकाचे नाव होते डॉ. रफिउद्दीन अहमद. २४ डिसेंबर हा त्यांचा जन्मदिवस देशात राष्ट्रीय दंतवैद्य दिन म्हणून पाळला जातो.

बुलढाणा जिल्ह्यातल्या उंद्रीसारख्या गावाचा या माणसाशी काय संबंध, असे कोणी विचारेल. संबंध एका दाढेचा आहे. गावोगाव आढळणारी तक्रार अशी असते: दोन-तीन वर्षांपूर्वी दाढ खूप ठणकली, गोळ्या खाल्ल्या, ठणका थांबला. दुखणे गेले म्हणून विषय संपला. मग कधीतरी त्याच दाढेजवळ हिरडीवर फोड आला, फुटला, पू आला, पुन्हा आला. आता दाढ थोडी हलते, तोंडाला वास येतो आणि घास दुसऱ्या बाजूने चावावा लागतो. असा माणूस चिखलीला किंवा खामगावला जातो तेव्हा बहुतेक वेळा मनाशी ठरवूनच जातो की दाढ काढून टाकायची. अशा दाढेत एकाच वेळी दोन आजार असू शकतात. आतली नस मरून मुळाच्या टोकाशी झालेला जंतुसंसर्ग हा एक आणि बाहेरून हिरडी व हाड झिजवणारा पायोरिया हा दुसरा. दाढ वाचेल की नाही, हे दोन्हींचा हिशेब केल्याशिवाय सांगता येत नाही. हा हिशेब करायला शिकवणारी शाळा भारतात १९२० पर्यंत नव्हती.

रफिउद्दीन यांचा जन्म १८९० चा, पूर्व बंगालमधल्या बर्धनपाडा गावचा. शाळा ढाक्याच्या मदरशात झाली, पुढचे शिक्षण अलीगढला. १९०८ मध्ये ते तिथून पदवीधर झाले आणि पुढच्याच वर्षी त्यांनी अमेरिकेची वाट धरली. त्या काळी शिकलेला हिंदी तरुण परदेशी जायचा तो बहुधा विलायतेला, बॅरिस्टर होण्यासाठी किंवा आयसीएसची परीक्षा देण्यासाठी. दातांचे शिक्षण घ्यायला समुद्र ओलांडणे म्हणजे जरा विचित्रच. दात हा शिकण्याचा विषय आहे, हेच इथे कोणाच्या गावी नव्हते. दात दुखला तर लवंग, तुरटी, मिठाचे पाणी. त्याने भागले नाही तर चिमटा. बाजारात चटई पसरून दात उपटणारे असत, कोलकात्यात चिनी दंतवैद्यांची दुकाने होती, आणि साहेब लोकांसाठी विलायतेहून आलेले मोजके डॉक्टर. हात शिकायचा तो कोणाच्या तरी हाताखाली बसून. अमेरिकेत मात्र १८४० सालीच बाल्टिमोरमध्ये जगातले पहिले दंत महाविद्यालय सुरू झाले होते, आणि विसाव्या शतकाच्या सुरुवातीला या विद्येत अमेरिकेच्या तोडीचा देश नव्हता.

आयोवा विद्यापीठातून अहमद यांनी १९१५ मध्ये दंतवैद्यकाची पदवी घेतली. ते शिकत होते तो काळ दातांच्या इतिहासात मोठ्या धामधुमीचा होता. एका बाजूला दात वाचवण्याची साधने हाती येत होती. १८९५ मध्ये रॉन्टगेनने एक्स-रे शोधले आणि पुढच्याच वर्षी दातांचे एक्स-रे निघू लागले. न्यू ऑर्लिन्सच्या एडमंड केल्स यांनी मुळाच्या पोकळीत तार घालून एक्स-रेवर तिची लांबी मोजण्याची युक्ती १८९९ मध्येच वापरली. रूट कॅनल करताना आजही डॉक्टर याच तत्त्वावर लांबी तपासतात. किरणांपासून बचाव कसा करायचा हे माहीत नसल्याने केल्स यांची आधी बोटे गेली, मग हात गेला. १९०५ मध्ये नोव्होकेन आले आणि दात बधिर करून निवांत काम करणे शक्य झाले. शिकागोचे जी. व्ही. ब्लॅक यांनी कीड कोरून दात भरण्याचे शास्त्र बांधून काढले. त्यांचा मोठा ग्रंथ १९०८ चा.

दुसऱ्या बाजूला नेमके उलटे वारे वाहत होते. १९१० मध्ये विल्यम हंटर या इंग्रज डॉक्टरांनी कॅनडात मॉन्ट्रियलच्या मॅकगिल विद्यापीठात व्याख्यान दिले. सडक्या मुळांवर सोन्याच्या टोप्या आणि पूल बसवण्याच्या तेव्हाच्या पद्धतीवर त्यांनी कडक टीका केली. टीकेत तथ्य होते. पण त्यातून जी लाट उठली ती भलतीकडेच गेली. सांधेदुखी असो, मूत्रपिंडाचा आजार असो, पोटाची तक्रार असो की मनाचा आजार, सगळ्याचे मूळ तोंडातल्या लपलेल्या पुवात आहे, असा समज पसरला. नस मेलेला प्रत्येक दात काढलाच पाहिजे, असे म्हणणारा पंथच तयार झाला. चांगल्या-वाईट दातांची सरसकट कत्तल सुरू झाली. हा हट्ट दंतवैद्यांचा कमी आणि फिजिशियन मंडळींचा जास्त होता, हे सांगितले पाहिजे. केल्स यांच्यासारखे दंतवैद्य त्याविरुद्ध लिहीत-बोलत राहिले, पण त्यांचे ऐकायला वेळ लागला. १९३८ मध्ये रसेल सेसिल यांनी सहकाऱ्याबरोबर संधिवाताच्या २०० रुग्णांची पाहणी प्रसिद्ध केली. दात आणि टॉन्सिल काढून सांधे सुधारतात या समजाला तिने आधार दिला नाही. सेसिल स्वतः पूर्वी त्याच समजाचे पुरस्कर्ते होते, म्हणून त्यांच्या या कबुलीला वजन आले. तोपर्यंत दोन पिढ्यांची तोंडे बोळकी झाली होती.

तोंड आणि शरीर यांचा संबंध नाही, असा याचा अर्थ नव्हे. हृदयात कृत्रिम झडप असलेल्या माणसाला दात काढण्याआधी प्रतिजैविक द्यावे लागते. मधुमेह आणि हिरड्यांचा आजार एकमेकांना खतपाणी घालतात, हेही आता पक्के झाले आहे. पण त्यावर उपाय हिरडी बरी करणे हा आहे, सगळे दात उपटणे हा नाही.

अहमद यांनी पदवीनंतर जी जागा निवडली तिच्यावरून त्यांचा कल दिसतो. बॉस्टनमध्ये १९१४ साली फोर्सिथ नावाची, लहान मुलांच्या दातांसाठीची संस्था सुरू झाली होती. गरिबांच्या मुलांचे दात किडण्याआधीच तपासायचे, स्वच्छ करायचे, किडले तर भरायचे, हे तिचे काम. अशा ठिकाणी १९१८ पर्यंत त्यांनी नोकरी केली. अमेरिकेतच राहून पैसा कमावणे त्यांना अवघड नव्हते. पहिले महायुद्ध संपल्यावर, १९१९ मध्ये, ते भारतात परतले.

परत येऊन त्यांनी दवाखाना थाटला असता तर कोलकात्यातल्या श्रीमंतांची रांग लागली असती. त्यांनी पुढच्या वर्षी कॉलेज काढले. सरकारी मदत नव्हती, विद्यापीठाची मान्यता नव्हती, शिकवायला माणसे नव्हती आणि मुख्य म्हणजे विद्यार्थी नव्हते. डॉक्टर होऊ शकणारा मुलगा दातांकडे कशाला वळेल? समाजात या धंद्याला मानच नव्हता. खर्च मात्र रोजचा होता: खुर्च्या, हत्यारे, साचे, औषधे, जागेचे भाडे. त्याची भरपाई सोडा फाउंटनमधून होई. वर्षानुवर्षे तोट्यात चालणारी शाळा एका खासगी माणसाने आपल्या खिशातून चालवणे आपल्याकडे नवे नाही. महाराष्ट्रात तर अशी कितीतरी उदाहरणे आहेत. दातांच्या शिक्षणासाठी असे करणारा मात्र हा पहिलाच.

त्या कॉलेजातून शिकून बाहेर पडलेल्या सुरुवातीच्या विद्यार्थ्यांत एक नाव मुंबईच्या ओळखीचे होते: फातिमा जिना. मोहम्मद अली जिना यांच्या या धाकट्या बहिणीने १९२३ मध्ये मुंबईच्या अब्दुल रहमान स्ट्रीटवर दातांचा दवाखाना उघडला. स्वतःचा दवाखाना चालवणारी दंतवैद्य स्त्री हे तेव्हाच्या मुंबईत नवलच होते. १९२९ मध्ये भावजय रत्नबाई वारल्यानंतर भावाचे घर सांभाळण्यासाठी त्यांनी तो बंद केला, आणि पुढे त्यांचे आयुष्य राजकारणात गेले. मुंबईला स्वतःचे दंत महाविद्यालय मिळायला १९३३ साल उजाडले. ते नायर रुग्णालयाचे. विदर्भात नागपूरला सरकारी दंत महाविद्यालय आले ते १९६८ मध्ये, म्हणजे कोलकात्यानंतर जवळजवळ अर्ध्या शतकाने.

१९२५ मध्ये अहमद यांनी दोन गोष्टी केल्या. बंगालमधल्या दंतवैद्यांची संघटना बांधली आणि दंतशास्त्राचे नियतकालिक सुरू केले. त्याचे संपादन त्यांनी वीसेक वर्षे सांभाळले. १९२८ मध्ये विद्यार्थ्यांसाठी ऑपरेटिव्ह डेंटिस्ट्री या विषयाची पुस्तिका लिहिली. या इंग्रजी नावाने सामान्य वाचकाला दात काढण्याचे ऑपरेशन आठवेल, पण अर्थ बरोबर उलटा आहे. दात जागेवर ठेवून दुरुस्त करण्याची ती विद्या. कीड कुठवर गेली ते पाहायचे, मेलेला भाग कोरायचा, नस वाचवता येते का बघायचे, नसेल तर काय करायचे ते ठरवायचे. परदेशी ग्रंथ विद्यार्थ्यांना परवडणारे नव्हते आणि ते परदेशी रुग्णांना समोर ठेवून लिहिलेले होते. हातात मावेल असे पुस्तक इथेच लिहिले गेल्याने शिकवण्याचा रोख ठरला. चिमटा ही शेवटची पायरी झाली.

मात्र सुरुवातीच्या त्या दाढेचे, म्हणजे नस आणि हिरडी दोन्ही बिघडलेल्या दाताचे कोडे तेव्हा अमेरिकेतही सुटलेले नव्हते. त्याचे एक कारण शास्त्रात आहे आणि एक माणसांच्या वाटणीत.

आधी शास्त्र. दात हाडात खिळ्यासारखा ठोकलेला नसतो. मूळ आणि हाड यांच्यामध्ये बारीक तंतूंची एक गादी असते, जाडी सुमारे ०.२ मिलिमीटर. तिच्यावर दात तोललेला असतो. दाताच्या पोटात नस म्हणतात तो मऊ भाग असतो, त्यात रक्तवाहिन्या आणि मज्जातंतू. नस आणि ही गादी यांना जोडणारी मुख्य वाट मुळाच्या टोकाला असते. पण ती एकटी नाही. मुळाच्या बाजूने, आणि दाढेची मुळे जिथे फुटतात त्या बेचक्यात, आडवाटा असतात. घराला पुढचे दार एक आणि मागे-बाजूला खिडक्या अनेक, तसे. त्यामुळे आतला संसर्ग बाहेर येऊ शकतो आणि बाहेरचा आत जाऊ शकतो.

नस मेली की आत जंतू वाढतात, पू होतो. तो वाट शोधतो. कधी हाड फोडून हिरडीवर फोडाच्या रूपाने येतो, तर कधी मुळाला लागून त्या गादीतूनच वर चढतो आणि हिरडीच्या कडेतून पाझरतो. बघणाऱ्याला वाटते, हा पायोरिया. खरे तर हिरडीचा दोष नसतो. तिच्यातून फक्त वाट निघालेली असते. असा दात नुसत्या रूट कॅनलने बरा होतो. हिरडीला हातही लावावा लागत नाही, आणि काही महिन्यांत हाडही भरून येते. उलट प्रकारात पायोरियाने हाड झिजत झिजत मुळाच्या टोकापर्यंत पोहोचते आणि बाहेरचे जंतू नसेला मारतात. इथे रूट कॅनल करून भागत नाही, कारण दाताचा आधारच गेलेला असतो. तिसरा प्रकार सर्वांत कठीण: कीड लागून नस स्वतंत्रपणे मेलेली, पायोरियाही स्वतंत्रपणे वाढलेला, आणि दोन्ही पोकळ्या मध्येच कुठेतरी एकमेकींना भेटलेल्या. एक्स-रेत तिन्ही प्रकार पुष्कळदा सारखेच दिसतात: मुळाभोवती काळी सावली.

आता माणसांची वाटणी. हिरड्यांच्या आजाराकडे पहिल्यांदा नीट लक्ष देणाऱ्यांपैकी एक अमेरिकेचे जॉन रिग्ज. १८४४ मध्ये लाफिंग गॅस देऊन होरेस वेल्स यांची दाढ बिनवेदना काढणारे तेच. पुढे त्यांनी मुळे खरवडून साफ करण्याचा असा धडाका लावला की पायोरियाला बराच काळ रिग्जचा आजार म्हणत. १९१४ मध्ये ग्रेस स्पॉल्डिंग आणि जिलेट हेडन या दोन स्त्री दंतवैद्यांनी हिरड्यांच्या तज्ज्ञांची अमेरिकन संघटना स्थापन केली. रूट कॅनल करणाऱ्यांची वेगळी संघटना आली १९४३ मध्ये. एकच दात, पण बाहेरचा भाग एका शाखेकडे आणि आतला दुसरीकडे. दोन्हीकडून बिघडलेला दात या वाटणीत मधल्या मध्ये पडला. हिरडीवाला म्हणे, नस मेली आहे. नसवाला म्हणे, हाड गेले आहे. मग दोघांचे एकमत व्हायचे ते दात काढण्यावर. अहमद यांच्या कॉलेजात एकच शिक्षक सगळे विषय पाहायचा, ही खरे तर गरिबीची गोष्ट. पण अख्खा दात एकाच नजरेखाली येई, हा तिचा फायदा मानावा लागेल.

हे कोडे सोडवण्याची पक्की चौकट अहमद यांच्या मृत्यूनंतर सात वर्षांनी आली. १९७२ मध्ये सायमन, ग्लिक आणि फ्रँक या तिघांनी असे दात संसर्ग मुळात कुठून सुरू झाला त्यानुसार वेगळे लावले. तेव्हापासून शाखा कोणतीही असो, पहिला प्रश्न एकच विचारला जातो: नस जिवंत आहे की मेलेली?

त्याचे उत्तर साध्या गोष्टींतून मिळते. बर्फासारखा गार बोळा दाताला लावतात. निरोगी नसेला गारवा क्षणभर जाणवून निघून जातो, मेलेल्या नसेला काहीच कळत नाही. मग खुणा असलेली बारीक सळई हिरडी आणि दात यांच्यामध्ये घालून सगळ्या बाजूंनी खोली मोजतात. एकाच जागी सळई अरुंद वाटेने खोल गेली आणि बाकी हिरडी घट्ट असेल तर आतल्या पुवाचा संशय येतो किंवा मूळ उभे चिरल्याचा. हिरडी सगळीकडूनच सुटलेली, रुंद आणि खोल असेल, शेजारचे दातही तसेच असतील तर पायोरिया. हिरडीवरच्या फोडाच्या तोंडातून रबरासारखी एक बारीक काडी आत सरकवून एक्स-रे काढला तर पू कुठून येतो त्याचा माग लागतो. ही काडी गटापर्चाची, म्हणजे मलाया भागातल्या एका झाडाच्या चिकाची असते. रूट कॅनलमध्ये पोकळी भरायलाही तोच पदार्थ वापरतात. मूळ उभे चिरलेले निघाले तर मात्र फारसे काही करता येत नाही. त्या मुळाला निरोप द्यावा लागतो.

उपचारांचा क्रमही ठरलेला आहे आणि त्यात घाई चालत नाही. दोन्ही आजार असतील तर आधी रूट कॅनल. मुळातली घाण काढून पोकळी क्लोरीनयुक्त द्रावणाने धुतात. पहिल्या महायुद्धात सैनिकांच्या जखमा धुवायला वापरलेल्या द्रावणाच्याच कुळातले हे औषध आहे. मग काही दिवस आत कॅल्शियम हायड्रॉक्साइड ठेवतात. जर्मनीत हरमन यांनी ते दातांसाठी आणले ते १९२० मध्ये, म्हणजे कोलकात्याचे कॉलेज निघाले त्याच वर्षी. वरवरची स्वच्छता, साठलेला दगडासारखा थर काढणे हे सुरुवातीलाच करतात. पण हिरडी उघडून मूळ खोलवर खरवडण्याचे काम थांबवून ठेवतात. कारण आतल्या पुवामुळे सुटलेल्या भागातही मुळावर जिवंत पेशी उरलेल्या असतात. पू थांबला की त्या पुन्हा हाडाला जोडून घेतात. आधीच खरवडले तर ती आशा संपते. रूट कॅनलनंतर साधारण दोन-तीन महिने वाट पाहतात. जेवढे हाड परत आले ते नसेच्या आजाराने गेले होते, जे आले नाही ते पायोरियाने. मग उरलेल्या भागावर हिरडीची शस्त्रक्रिया, कधी हाडाची भुकटी. दाढेच्या दोन-तीन मुळांपैकी एकच पूर्ण गेले असेल तर तेवढे मूळ कापून काढून बाकी दाढ ठेवता येते.

दाढ किती वर्षे टिकेल हे अखेर नसेवर नव्हे, हिरडीवर ठरते. रूट कॅनल चांगले झाले तर नसेचा प्रश्न बहुधा मिटतो. गेलेले हाड पुरते परत येत नाही. त्यात साखर वाढलेली असेल, मिश्री लावायची सवय असेल, विदर्भात घरोघर पोहोचलेला खर्रा गालात असेल तर हिरडी भरून येण्याची आशा कमी होते. मिश्रीने हिरड्या घट्ट होतात हा समज गावात अजून पक्का आहे. मिश्री म्हणजे भाजलेला तंबाखू. त्याने रक्त येणे कमी दिसते, पण आजार आत चालूच राहतो. दुखले की दोन दिवस प्रतिजैविकाच्या गोळ्या खाण्याचेही तसेच. नस मेलेल्या दातात रक्त पोहोचत नाही, त्यामुळे गोळीही पोहोचत नाही. सूज उतरते आणि काही आठवड्यांनी परत येते.

उंद्रीच्या माणसापुढची खरी अडचण बहुतेक वेळा शास्त्राची नसते. या उपचाराला चार-पाच फेऱ्या लागतात, मध्ये महिन्यांचे अंतर असते, प्रत्येक फेरीला एक दिवसाची मजुरी बुडते आणि रूट कॅनलनंतर कॅपचा खर्च वेगळा. दाढ काढणे एका दिवसात होते. शिवाय सगळे सोसूनही दाढ राहीलच अशी हमी कोणी देत नाही. हाड निम्म्याहून जास्त गेलेले, दाढ वर-खाली हलणारी, असे असेल तर काढणे हाच शहाणपणाचा सल्ला असतो, आणि तो स्पष्टपणे दिला पाहिजे. पण नस मेल्यामुळेच हिरडी सुजलेली असेल, तर जी दाढ दोन-तीन फेऱ्यांत वाचली असती तीही अशाच सल्ल्याखाली जाते. हा फरक गार बोळा, सळई आणि एक्स-रे यांनी कळतो, आणि तिन्ही गोष्टी तालुक्याच्या गावी मिळतात.

तालुक्याच्या गावी त्या मिळाव्यात यासाठी अहमद यांचा आयुष्याचा उत्तरार्ध खर्ची पडला. कॉलेज निघाले तरी कोणीही पाटी लावून दात काढू शकतो, ही स्थिती बदलली नव्हती. १९३९ मध्ये बंगालमध्ये दंतवैद्यांच्या नोंदणीचा कायदा झाला, त्यामागे त्यांची खटपट मोठी होती. देशभरासाठी दंतवैद्य कायदा आला १९४८ च्या मार्चमध्ये. त्याआधीची दोन वर्षे भारतीय दंतवैद्य संघटनेचे अध्यक्ष तेच होते. १९४९ मध्ये भारतीय दंत परिषद स्थापन झाली. शिक्षण किती वर्षांचे, कॉलेजात काय हवे, नाव कोणी लावायचे, हे ठरवणारी यंत्रणा उभी राहिली. चिखलीच्या दवाखान्यात भिंतीवर टांगलेला नोंदणी क्रमांक या कायद्यातून आला आहे.

त्याच १९४९ मध्ये त्यांनी आपले कॉलेज पश्चिम बंगाल सरकारला देऊन टाकले. विकले नाही, दिले. तीस वर्षे स्वतःच्या पैशाने चालवलेली संस्था सोडताना माणसाच्या मनात काय येत असेल, याची कल्पनाच करावी. फाळणी होऊन दोन वर्षे झाली होती. त्यांचे जन्मगाव आता दुसऱ्या देशात गेले होते. ते स्वतः कोलकात्यातच राहिले. त्यांची विद्यार्थिनी फातिमा जिना कराचीत होती.

राजकारण त्यांना नवे नव्हते. कोलकाता महापालिकेत ते पूर्वी नगरसेवक होते. १९५० च्या दशकात ते डॉ. बिधानचंद्र रॉय यांच्या मंत्रिमंडळात गेले. मुख्यमंत्री फिजिशियन आणि मंत्री दंतवैद्य, असा तो योग. शेती, सामुदायिक विकास, सहकार, मदत व पुनर्वसन अशी खाती त्यांनी पाहिली. पूर्व बंगालमधून निर्वासितांचे लोंढे येत होते त्या दिवसांत पुनर्वसनाचे खाते सांभाळणे सोपे नसणार. तिकडून उठून आलेल्यांची बोली त्यांना घरचीच होती.

१९६४ मध्ये त्यांना पद्मभूषण मिळाले. हा मान मिळवणारे ते पहिले भारतीय दंतवैद्य. ९ फेब्रुवारी १९६५ रोजी त्यांचे निधन झाले. त्यांनी काढलेल्या कॉलेजला आज त्यांचेच नाव आहे, आणि तिथल्या बाह्यरुग्ण विभागात रोज सकाळी दातांच्या रुग्णांची रांग लागते. सोडा फाउंटन कधीच गेले.

२४ डिसेंबरच्या आसपास अनेक ठिकाणी दंत तपासणीची मोफत शिबिरे भरतात. हिरडीवर पुन्हा पुन्हा फोड येत असेल तर अशा शिबिरात नुसते तोंड उघडून दाखवू नये. हा फोड नसेमुळे आहे की हिरडीमुळे, एवढे विचारावे आणि त्या एका दाढेचा एक्स-रे काढून घ्यावा. मोठा उपचार लागणार असेल तर उंद्रीच्या माणसासाठी सरकारी दंत महाविद्यालये छत्रपती संभाजीनगरला आणि नागपूरला आहेत. तिथे हिरडीचा विभाग आणि रूट कॅनलचा विभाग एकाच इमारतीत असतात. केसपेपर एका विभागातून दुसऱ्यात गेला आहे ना, एवढे मात्र रुग्णाने स्वतः बघावे.